दंडाचा घेर

दोन वर्षांच्या मुलाच्या शब्दसंग्रहात नामे पुष्कळ असतात, क्रियापदे थोडी असतात आणि 'नको' हा एकच शब्द असा असतो की ज्याला ते मूल पूर्ण वाक्याचे सामर्थ्य देते. आमच्या घरी या शब्दाचा सर्वाधिक वापर जेवणाच्या वेळी होतो. वरणभात नको, भाजी नको, काल आवडलेला पराठा आज नको, आणि नको म्हणून बाजूला सारलेली वाटी मी उचलली की ती उचललेलीही नको. मूल वाढवणे म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर गेल्या वर्षभराच्या अनुभवावरून मी म्हणेन की दिवसातून चार वेळा एका लहानशा सार्वभौम सत्तेशी वाटाघाटी करणे.

या वाटाघाटींसाठी आपल्या मराठी घरांनी एक फार जुनी युक्ती सांभाळली आहे. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा हम्माचा, हा आजीचा. मुलाला 'तुझा घास घे' असे आपण सहसा म्हणत नाही. प्रत्येक घास दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने त्याच्या तोंडाशी येतो. मोठ्यांच्या जेवणात याच्या नेमके उलट घडे. माझे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालीत. घरात गोग्रास काढला जाई, श्राद्धपक्षात काकबळी ठेवला जाई. मोठ्यांच्या ताटातला घास दुसऱ्याच्या नावाने बाहेर जातो आणि मुलाच्या ताटातला घास दुसऱ्याच्या नावाने त्याच्याच पोटात जातो. ही रीत बसवणाऱ्या बायांना मुलांचे मन चांगले कळले असावे.

आम्ही राहतो इंग्लंडच्या मध्यभागातील एका मध्यम आकाराच्या गावात. माझे यजमान एका कारखान्यात अभियंता आहेत. मी आठवड्यातून दोन दिवस सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. उरलेल्या दिवसांपैकी दोन सकाळी आमचे चिरंजीव गावातल्या सभागृहात भरणाऱ्या बालगटात जातात. एक ते चार वर्षांची पंधरा-सोळा मुले, त्यांच्या आया, दोन-तीन आज्या, एखादा बाप, फरशीवर पसरलेली खेळणी आणि सतत उकळणारी चहाची किटली असे त्या बालगटाचे स्वरूप. हा गट दरवर्षी एकदा परदेशातील मुलांसाठी निधी जमवतो. 'परदेशातील मुले' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला थोडे हसू आले. अंबाजोगाईला राहणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या लेखी परदेशातील मूल म्हणजे आमच्याच घरात वरणभाताला नको म्हणणारा त्यांचा नातू.

ही गोष्ट 2023 च्या उन्हाळ्यातली. त्या वेळी पूर्व आफ्रिकेत सोमालिया, इथिओपिया आणि केनिया या देशांच्या मोठ्या भागात पावसाचे पाच हंगाम ओळीने कोरडे गेले होते. सोमालियात वर्षातून दोनदा पाऊस येतो. एप्रिल ते जूनचा 'गु' आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा 'दैर'. आपल्याकडे मृग हुकला तर माणसे हस्ताकडे डोळे लावतात, तसे तेथे गु हुकला तर दैरकडे पाहतात. दोन्ही मिळून ओळीने पाच वेळा हुकल्यावर उंट आणि शेळ्या मेल्या, आणि दूध हेच ज्यांचे मुख्य अन्न त्या घरांतील लहान मुले उपाशी राहू लागली. बालगटाने त्या वर्षीचा निधी या मुलांच्या उपचारासाठी द्यायचे ठरवले.

मदतसंस्थेकडून एक पाकीट आले. त्यात पत्रके होती, दानपेटीवर चिकटवण्याची लेबले होती, एक मोठे पोस्टर होते आणि कागदी पट्ट्यांचा एक गठ्ठा होता. मला त्यातील पट्टी सर्वांत महत्त्वाची वाटली, म्हणून तिच्याविषयी आधी सांगते. बोटभर रुंदीची ही लांब पट्टी मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर गुंडाळायची. पट्टीवर तीन रंग असतात. घेर 12.5 सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा, 11.5 ते 12.5 च्या दरम्यान पिवळा आणि 11.5 च्या खाली लाल. लाल म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला ताबडतोब उपचार हवेत. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना हीच एक पट्टी आणि हेच आकडे चालतात. निरोगी मुलाचा दंड या वयात फारसा जाड होत नाही. मूल उंच होते, डोके वाढते, पाय लांब होतात, दंडाचा घेर मात्र थोडाच बदलतो. उपासमारीत शरीर प्रथम चरबी आणि मग स्नायू जाळू लागते, ते मात्र दंडावर लगेच दिसते. वजनकाटा नको, वय माहीत असण्याची गरज नाही, अक्षरओळख नसलेली आईसुद्धा आपल्या मुलाचा दंड मोजू शकते.

मी त्याच संध्याकाळी आमच्या चिरंजीवांचा दंड मोजला. तीन वेळा 'नको' झाल्यावर चौथ्या वेळी तो टेकडीच्या आकाराच्या उशीवर झोपी गेल्यामुळे जमले. साडेसोळा सेंटिमीटर भरला. मग मी पट्टी 11.5 च्या खुणेवर जुळवून तिचे एक कडे केले आणि टेबलावर ठेवले. माझी सव्वादोनची बांगडी शेजारी ठेवली, तर तिचा घेर जवळजवळ अठरा सेंटिमीटर. आकड्यांनी मला तोवर फारसे काही सांगितले नव्हते.

सासूबाई त्या वेळी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी ते कागदाचे कडे उचलून पाहिले, काही न बोलता आत गेल्या आणि कपाटातून एक मखमली डबी घेऊन आल्या. नातवाच्या बारशाला त्यांनी केलेल्या चांदीच्या बिंदल्या त्यात होत्या. त्यांनी एक बिंदली त्या कड्याशेजारी ठेवली. दोन्हींचा आकार जवळजवळ सारखा होता. बारा दिवसांच्या बाळाच्या मनगटासाठी सोनाराने घडवलेला दागिना आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर.

"एवढा दंड?" त्यांनी विचारले.

"याहून बारीक झाला तर लाल," मी म्हणाले.

त्यांनी बिंदली पुन्हा डबीत ठेवली. नंतर बराच वेळ त्या मेथी निवडत बसल्या.

निधी जमवण्याचे दोन मार्ग ठरले होते. पहिला, मुलांची चालण्याची फेरी. तळ्याकाठच्या बागेत मुलांनी अर्धा मैल चालायचे आणि नातेवाईक, शेजारी, कामावरचे सहकारी यांनी त्या चालण्यावर काही रक्कम लावायची. इंग्रज समाजात ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. नुसते पैसे मागायला त्यांना संकोच वाटतो. त्यासाठी कोणीतरी धावावे, पोहावे किंवा डोके भादरून घ्यावे लागते. दोन वर्षांचे मूल अर्धा मैल चालले म्हणून देणगी देणे यात थोडा विनोद आहे, पण ज्याने या वयाच्या मुलाला बाजारातून घरापर्यंत चालवत आणले आहे त्याला तो पराक्रमच वाटेल. दुसरा मार्ग खाद्यपदार्थांचा. प्रत्येकीने घरून काहीतरी करून आणायचे आणि सभागृहात टेबल मांडून विकायचे.

सासूबाईंनी उत्साहाने जाहीर केले की त्या शेंगदाण्याचे लाडू करतील. मला नाही म्हणावे लागले. बालगटाच्या दारावरच पाटी आहे की शेंगदाणे आणि इतर कवचफळे आत आणू नयेत. या देशात अनेक मुलांना त्यांची तीव्र अ‍ॅलर्जी असते आणि एखाद्या कणानेही मुलाचा श्वास कोंडू शकतो. ही पाटी रास्तच आहे. पण त्या वर्षी तिच्याखालून जाताना मला दर वेळी चमत्कारिक वाटे. कारण आम्ही ज्यासाठी पैसे जमवत होतो त्या औषधातच शेंगदाण्याचा लगदा होता.

या औषधाची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. 1990 च्या दशकापर्यंत तीव्र कुपोषित मुलाला उपचारकेंद्रात दाखल करावे लागे आणि तेथे त्याला विशेष दुधाची पावडर पाण्यात कालवून दर काही तासांनी पाजावी लागे. पाणी स्वच्छ नसेल तर तेच दूध जिवावर बेते. मुलाबरोबर आईला कित्येक आठवडे केंद्रात राहावे लागे. मागे घरी बाकीची मुले, गुरे, शेत. अनेक बाया मूल पुरते बरे होण्याआधीच उठून घरी जात. त्या अडाणी होत्या म्हणून नव्हे. घरी आणखी तीन तोंडे वाट पाहत होती म्हणून. 1996 च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने मिशेल लेस्कान या अन्नतंत्रज्ञाच्या साहाय्याने दुधाची पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार शेंगदाण्याच्या लगद्यात मिसळून एक पाकीट तयार केले. 92 ग्रॅमच्या या पाकिटातून सुमारे 500 कॅलरी मिळतात. त्यात पाणी घालावे लागत नाही, ते शिजवावे लागत नाही, आणि पाण्याचा अंश नसल्यामुळे उष्ण हवेतही त्यात जंतू सहज वाढत नाहीत. मूल ते कोपऱ्यातून फोडून चोखत खाते. पुढे स्टीव्ह कॉलिन्स या डॉक्टरने इथिओपियात या पाकिटाच्या आधारे मुलांना घरीच ठेवून उपचार करण्याची पद्धत वापरून दाखवली, आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी तिला मान्यता दिली. आजारी नसलेले, भूक शाबूत असलेले कुपोषित मूल आता आठवड्यातून एकदा केंद्रात जाते, दंड मोजून घेते आणि आठवड्याची पाकिटे घेऊन घरी परतते.

सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे लाडूच की. फक्त गूळ नाही." आणि खरोखर यापेक्षा नेमके वर्णन मला करता आले नसते. अखेर त्यांनी शंकरपाळ्या केल्या. गहू आणि तूप यांचा उल्लेख असलेली चिठ्ठी मी डब्यावर चिकटवली आणि परवानगी मिळाली.

परंतु त्या सरळपणे या कामात सामील झाल्या असे मात्र नाही. त्यांचे दोन आक्षेप होते. पहिला आक्षेप मला अपेक्षितच होता. "आपल्याकडची पोरं काय कमी हैत का? मेळघाटात बघ. आपल्या बीडात ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं बघ." हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर येतो, आणि तो गैर आहे असे मी म्हणू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी आढळली होती. म्हणजे चारात एक. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. 39 गावांतील त्या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि आफ्रिकेतील देशांनीही त्यापासून धडा घेतला. ज्या भूमीतून जगाला उपाय मिळाला, तिथलीच मुले अजून पिवळ्या-लाल रंगांत असतील, तर सासूबाईंचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. शेंगदाण्याच्या पाकिटावरही आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. कारखान्यातले पाकीट आले की गावातले ताजे अन्न आणि ते रांधणाऱ्या बाया मागे पडतील, ही भीती अनेक कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. मला ती अनाठायी वाटत नाही.

यजमानांचे म्हणणे वेगळे होते. ते दरवर्षी आपल्या गावच्या शाळेला पैसे पाठवतात, आणि त्यांच्या मते बालगटाच्या निधीचा त्याच्याशी संबंध नाही. हे पैसे इथल्या माणसांच्या खिशातून येणार, ते बीडला जाणारच नव्हते. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. सासूबाईंना मात्र हा हिशेब पटला नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पैशाचा नव्हता, लक्ष कुठे जाते याचा होता. त्या म्हणाल्या, "पैसा लोकांचा, पण रात्री जागून डबे भरतीस ती तू."

दुसरा आक्षेप पोस्टरचा होता, आणि तो माझ्या ध्यानीमनीही नव्हता. पोस्टरवर दोनेक वर्षांची एक मुलगी होती. अंगावर कपडा नाही, बरगड्या मोजता याव्यात अशी छाती, डोळ्याच्या कडेला माशी. तिला धरलेल्या आईचा फक्त एक हात चित्रात होता, चेहरा कडेने कापला गेला होता. खाली रक्कम आणि दूरध्वनी क्रमांक. अशी चित्रे आपण इतकी पाहिलेली असतात की ती पाहतानाच नजर पुढे सरकते. सासूबाईंची सरकली नाही. त्यांनी पोस्टर पूर्ण उलगडले, चश्मा लावला आणि विचारले, "हिच्या आईला विचारलं होतं का गं?"

त्यांच्या या प्रश्नाला एक पार्श्वभूमी होती. मुलाला बालगटात घालताना मला छायाचित्रांविषयीचा एक अर्ज भरून द्यावा लागला होता. भिंतीवर फोटो लावला तर चालेल का, वार्तापत्रात छापला तर चालेल का, संकेतस्थळावर, वर्तमानपत्रात? चार चौकटी होत्या. मी फक्त पहिल्या चौकटीत खूण केली होती आणि हे सासूबाईंना कौतुकाने सांगितले होते. इथे मुलाच्या चेहऱ्यालाही मान आहे, अशा अर्थाचे काहीतरी मी बोलले असेन. त्या भिंतीवर आमच्या मुलाचा नाक पुसलेला, टोपी घातलेला फोटो आहे. त्याच भिंतीवर ते पोस्टर लागणार होते.

मी म्हणाले, "विचारलं असेल. आता नियम आहेत." आणि नियम खरोखर आहेत, 1989 मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी अशा चित्रांविषयी आचारसंहिता केली, आणि आज बहुतेक मोठ्या संस्था पालकांची संमती घेतात. त्यावर सासूबाई बोलल्या ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देते.

"बहात्तरला मी नऊ वर्षांची. आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला. आम्ही पोरं बाभळीच्या सावलीला. एक दिवस जीपमधून साहेब आला, कॅमेरेवाला होता संगं. त्यानं सगळ्यांत बारीक पोरगं हुडकून पुढं बसवलं. आपला तुकामामा तो, दीड वर्षांचा. आई मस्टरच्या रांगेत होती, ती पळत आली आन् त्याच्यावर पदर टाकला. साहेब म्हणला, बाई, पदर काढा, फोटो काढायचाय. आईनं काढला नाही. मुकादम ओरडला. तरी काढला नाही."

"मग?"

"मग काय. दुसरं पोरगं हुडकलं."

1972 च्या दुष्काळाविषयी मी शाळेत आणि नंतर कथा-आत्मकथनांत वाचले होते. त्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना व मुलांना सुकडी वाटली जाई, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे, पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामांवर लाखो माणसे राबत. त्या अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला, हे सारे मला माहीत होते. पण पदराची ही हकिकत लग्नाला आठ वर्षे होऊनही मी कधी ऐकली नव्हती, यजमानांनीही नाही. सासूबाईंनी ती रडत सांगितली नाही. सुकडी कशी लागे असे मी विचारले, तर त्या चटकन म्हणाल्या, "गोड. लई खाल्ली. तिच्यावरच तर जगलो." मिलोला मात्र त्यांनी नाक मुरडले. तिची भाकरी धड थापता येत नसे. ती अमेरिकेहून आली हे त्यांना पुष्कळ उशिरा, मुलगा अभियांत्रिकीला गेल्यावर कळले. तोवर ते धान्य सरकारचे, असेच घरात समजत. तुकामामा आज तालुक्याच्या गावी खते-बियाण्यांचे दुकान चालवतात आणि त्यांना मधुमेह आहे.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लेखी माझ्या सासूबाई 'परदेशातील मूल' होत्या. त्यांना त्याचा पत्ता नव्हता आणि धाडणाऱ्यालाही त्यांचा नव्हता. मला या अज्ञानात काही उणे दिसत नाही. पोटभर खाऊन, मिलोला नावे ठेवण्याचा हक्क राखून त्या मोठ्या झाल्या. त्यांच्या घरात त्या काळाची सल उरली ती उपकाराची नव्हे. कॅमेऱ्यापुढे पदर काढायला सांगितल्याची.

मी त्या आठवड्यात ग्रंथालयात बसून या चित्रांचा इतिहास थोडा चाळला. परदेशातील उपाशी मुलांसाठी सामान्य लोकांकडून पैसे जमवण्याची आधुनिक प्रथा जिथून सुरू झाली म्हणतात, तिथेच चित्र आहे. पहिले महायुद्ध नोव्हेंबर 1918 मध्ये थांबले, तरी दोस्त राष्ट्रांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठवली नव्हती आणि व्हिएन्नातील मुले अन्नावाचून खंगत होती. 1919 च्या वसंतात एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईने लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एका उपाशी ऑस्ट्रियन मुलाचे चित्र असलेली पत्रके वाटली. सेन्सॉरची परवानगी न घेतल्याबद्दल तिला अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. सरकारी वकिलाने तो दंड स्वतःच्या खिशातून दिला आणि तीच या कामाची पहिली देणगी ठरली, असे सांगतात. मे महिन्यात 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था स्थापन झाली. पुढे याच बाईने मुलांच्या हक्कांचा मसुदा लिहिला आणि 1924 मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. त्या काळी इंग्रजांना 'परदेशातील मुले' म्हणजे शत्रूची मुले होती, आणि ती गोरी होती. आज जे चित्र पाहून आपल्याला आफ्रिका आठवते, त्याची सुरुवात व्हिएन्नापासून झाली हे मला माहीत नव्हते.

मग 1984. इथिओपियातील दुष्काळाचे बीबीसीवरील वृत्त ऑक्टोबर महिन्यात जगाने पाहिले आणि पुढच्या जुलैत 'लाइव्ह एड'च्या संगीतसभा झाल्या. त्याच दुष्काळात एका कॅनेडियन चमूने एका तीनेक वर्षांच्या मुलीचे चित्रण केले होते. ती मरणार असेच सर्वांनी धरले होते. तिचा मिटत चाललेला चेहरा जगभर दाखवला गेला. ती जगली. तिचे नाव बिरहान वोल्दू. तिने पुढे शेतीविषयक शिक्षण घेतले आणि 2005 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट'च्या व्यासपीठावर ती हजारो लोकांसमोर उभी राहिली. वीस वर्षे जग तिचा चेहरा ओळखत होते आणि नाव ओळखत नव्हते. तुकामामाऐवजी जे 'दुसरं पोरगं' पुढे बसवले गेले, त्याचे नाव आमच्या सासूबाईंनाही आठवत नाही.

बालगटाच्या बैठकीत मी पोस्टर न लावण्याचे सुचवले. मला वाटले होते त्यापेक्षा चर्चा मोकळी झाली. गटात मदतीला येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका आहेत, सत्तरीच्या जवळ आलेल्या. त्या म्हणाल्या की 1984 मध्ये त्या वृत्तातली मुले पाहून त्यांनी आठवड्याचा पगार देऊन टाकला होता. ती मुले दिसली नसती, तर त्या बातमीनंतर त्यांनी चहा ठेवला असता आणि विसरून गेल्या असत्या. पोस्टर काढले तर पैसे कमी जमतील आणि त्याची किंमत तीच मुलगी मोजेल, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद खोडून काढायला माझ्याजवळ काही नव्हते, आजही नाही. लाज राखली आणि पाकिटे कमी गेली, तर त्या लाजेचे मोल कोणी ठरवायचे? तरीही माझा कल सासूबाईंकडेच होता. आपल्या मुलाच्या फोटोसाठी चार चौकटी मागणाऱ्या खोलीत दुसऱ्याच्या मुलाचे उघडे अंग चौकटीविना टांगता येत नाही, इतके मी सांगितले. शेवटी मतांनी ठरले. पोस्टर गुंडाळून ठेवले गेले आणि त्याच्या जागी एका पुठ्ठ्यावर आम्ही पट्टीचे 11.5 सेंटिमीटरचे लाल कडे लावले, खाली रिकामे पाकीट आणि एका ओळीत त्याचा अर्थ. कडे मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर होते, त्यामुळे सगळी मुले त्यात हात घालून पाहू लागली. एकाही मुलाची मूठ त्यातून जाईना. आया हे पाहत आणि मग दानपेटीकडे वळत. पोस्टरने याहून जास्त जमले असते की कमी, हे मी सांगू शकत नाही.

फेरीचा दिवस ढगाळ होता, पण पाऊस आला नाही. अर्ध्या मैलाला पन्नास मिनिटे लागली. बदके दिसल्यावर पाच मुले थांबली, एक मुलगी पादत्राणे काढून बसली, आमचे चिरंजीव पहिल्या वळणावर 'नको' म्हणून जमिनीवर आडवे झाले आणि आजीने "तो बघ काऊ, काऊ पुढं गेला" असे म्हटल्यावर उठून पुढचे सगळे अंतर कावळ्यामागे धावले. शंकरपाळ्या चाळीस मिनिटांत संपल्या. दोघींनी कृती लिहून घेतली. सायंकाळी हिशेब केला तेव्हा 436 पौंड भरले. इथे करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर सरकार संस्थेला 25 पेन्स परत देते, फक्त एक अर्ज भरावा लागतो; 320 पौंडांचे अर्ज भरून आले होते, म्हणजे आणखी 80. एकूण 516. एका मुलाच्या सहा-आठ आठवड्यांच्या उपचाराला साधारण 150 पाकिटांचे एक खोके लागते आणि खोक्याची किंमत 50 डॉलरच्या, म्हणजे 40 पौंडांच्या आसपास पडते. नेण्याचा आणि वाटणाऱ्या माणसांचा खर्च वेगळा. तो पत्रकात बारीक अक्षरांत असतो, खरे तर मोठ्या अक्षरांत असायला हवा. नुसत्या पाकिटांचा विचार केला तर बारा-तेरा मुलांची सोय.

"तेरा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत तेवढीच होतो आम्ही."

ऑगस्टमध्ये त्या परत निघाल्या. सामान भरताना त्यांनी उरलेल्या पट्ट्यांविषयी विचारले. गावच्या अंगणवाडीताई दर महिन्याला मुलांचे दंड मोजतात, त्यांच्याकडची पट्टी मळून गेली आहे, आकडे धड दिसत नाहीत, असे त्या म्हणाल्या. मी सहा पट्ट्या एका पाकिटात घालून दिल्या. पाठीमागे मराठीत लिहून दे, लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, असे त्यांनी सांगितले. मी म्हणाले, "लिहायला नको, आई. तिकडेही हेच रंग आहेत आणि आकडेही हेच." त्यांनी चश्मा लावून एकदा खात्री करून घेतली आणि पाकीट पर्समध्ये पासपोर्टशेजारी ठेवले.